चार मिलिमीटर

सांगलीच्या मार्केट यार्डात शंकरअण्णा तोलाईदार होते. हळदीची पोती काट्यावर चढायची, अण्णा आकडा सांगायचे आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याचा हिशेब व्हायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या तोलावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गरीब शेतकऱ्याचं पोतं असो की बड्या बागायतदाराचं, अण्णांचा काटा सगळ्यांना सारखा होता.

त्यांची मुलगी तन्वी नववीत गेली आणि तिने गिटार मागितली. अण्णांनी साडेचार हजार बाजूला काढले. दुकानात जायला सवड नव्हती, म्हणून बापलेकीने मोबाइलवरच शोधाशोध केली. एक निळी, चकचकीत गिटार दोघांच्याही मनात भरली. तिच्यासोबत बॅग, पट्टा, जादा तारा, पिक, स्टँड असं सगळंच मिळत होतं. एवढ्या पैशात एवढं सामान येतंय म्हणून अण्णा खूश झाले. खोकं उघडलं त्या संध्याकाळी शेजारची पोरं बघायला जमली.

तन्वी क्लासला जाऊ लागली. ई मायनर कॉर्ड कशीबशी जमली, कारण तिला दोनच बोटं लागतात. सी कॉर्डपाशी मात्र गाडं अडलं. पहिल्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, दाबलेलं बोट तारेला खाली न्यायचंच नाही. जोर लावला की बोटाच्या टोकावर खोल रेघ उमटायची, आणि तार गाण्याऐवजी ठक्क वाजायची. त्याहून वाईट म्हणजे, सगळ्या तारा दाबल्या गेल्या तरी कॉर्ड तिच्या कानाला आंबट लागायची. ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या दाखवत होत्या आणि कॉर्ड तरीही बेसूर होती.

“सर, हे बरोबर लागत नाहीये,” ती म्हणाली. सरांपुढे वर्गभर मुलं होती. “सराव वाढव,” ते म्हणाले. तिने सराव वाढवला, आणखी जोर लावला, आणि कॉर्ड आणखीच बिघडली.

दिवाळीपर्यंत गिटार कपाटावर गेली. “नव्याचे नऊ दिवस,” अण्णा म्हणाले. तन्वीने वाद घातला नाही. तिने स्वतःचा निकाल स्वतःच लावून टाकला होता. “माझी बोटं गिटारची नाहीत, बाबा. आणि मला कानही नाही.” अण्णांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. पुढे पाहुण्यांनी गिटारबद्दल विचारलं की तेच उत्तर द्यायचे, “तिला कान नाही हो.” मुलीने निराशेच्या भरात म्हटलेलं वाक्य घराने खरं धरलं.

आजीचा एक तंबोरा होता. गल्लीतल्या भजनी मंडळात त्याचा सूर लागायचा. त्या वर्षी त्याचा आवाज बसला, म्हणून आजीने जवारी काढून आणायचं ठरवलं. एका रविवारी अण्णा, आजी आणि तन्वी मिरजेला गेली.

मिरजेत या कामासाठी कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले आणि सतारमेकर हेच पुढे आडनाव झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथे येतात, वाळतात, आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानातल्या चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. तारा सैल केल्या आणि घोडीच्या माथ्यावर कानस फिरवायला सुरुवात केली. जवारी काढायची म्हणजे कानसेचे दोन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा उतरवायची. घोडीच्या माथ्याचा उतार असा साधावा लागतो, की कंप पावणारी तार त्याला जेमतेम चाटून जाईल. मग तारेखाली सुती दोरा सरकवला की आवाज खुलतो आणि एका स्वरातून अनेक स्वर उठतात. बराच वेळ हे चाललं होतं. शेवटी चाचांनी चारही तारा छेडल्या आणि आजीकडे पाहिलं. आजीने समाधानाने मान हलवली.

“चाचा,” तन्वी हळूच म्हणाली, “मधल्या दोन तारांतली एक गातेय. दुसरी नुसती वाजतेय.”

चाचांनी दोन्ही तारा वेगवेगळ्या छेडल्या. मग दुसऱ्या तारेखालचा दोरा केसभर सरकवला. तारांची जोडी एकदम उघडली, खोली भरून गेली.

“बेटा, तू काय वाजवतेस?”

तन्वी गप्प राहिली. अण्णा म्हणाले, “गिटार आणली होती. पण तिला कान नाही.”

चाचांनी कानस खाली ठेवली. “हे कुणी सांगितलं तुम्हाला? आत्ता हिने पकडलं ते मला पकडायला दोन वर्षं लागली होती. तिचे हात दाखवा बघू.” तन्वीच्या डाव्या हाताच्या बोटांवर अजून पुसट रेघा होत्या. “या रेघा जास्तच खोल गेल्या होत्या. येत्या रविवारी ती गिटार घेऊन या. आधी तिला तपासू.”

पुढच्या रविवारी निळी गिटार चाचांच्या मांडीवर आली. त्यांनी ती वाजवलीच नाही. बुडाकडून दांडीवर एक डोळा लावून पाहिलं. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवला, तेव्हा पडद्यांची टोकं हाताला टोचली. मग स्टीलची बारीक पट्टी घेऊन ती बाराव्या पडद्यावर उभी धरली. सर्वांत जाड तार आणि पडद्याचा माथा यांच्यामधली फट मोजली.

“चार मिलिमीटर,” चाचा म्हणाले. “जाड तारेखाली अडीच पुरे. बारीक तारेखाली दोन. हिला जवळपास दीडपट उंचीवरून तार खाली ओढावी लागत होती.”

“थोडं जास्त बळ लागत असेल,” अण्णा म्हणाले. “पण बेसूर का वाजावं?”

“त्याचंही कारण तेच. बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य.” चाचांनी त्या जागी तारेला बोट नुसतं टेकवून वाजवलं. स्वच्छ, घंटेसारखा स्वर आला. मग तीच तार तिथेच दाबून वाजवली. दुसरा स्वर पहिल्याहून चढा निघाला. तो चढलाय हे अण्णांनाही कळलं. “दोन्ही एकच यायला हवेत. तार लांबून खाली आणायची म्हणजे ती ताणली जाते, आणि ताणली की स्वर चढतो. ट्यूनरवर आपण मोकळी तार लावतो, म्हणून तो बरोबर दाखवतो. बोट दाबलं की सगळं बिघडतं. जितकं जोरात दाबाल तितकं जास्त.”

तन्वी त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे मला बेसूर ऐकू येत होतं, ते खरंच बेसूर होतं?”

“खरंच बेसूर होतं. ज्याला कान नाही त्याला ते कळलंच नसतं. तो आनंदाने वाजवत बसला असता.”

आजीने तन्वीच्या पाठीवरून हात फिरवला. अण्णा काही बोलले नाहीत.

मग काम सुरू झालं. चाचांनी आधी जुन्या, जाड तारा काढल्या. “हा बाराचा सेट आहे. सहा तारा मिळून दांडीवर ७० किलोंहून जास्त ओढ पडते. नव्या बोटांना दहाचा सेट द्यावा. ओढ ६० किलोंच्या आसपास येते.” दहाच्या सेटमधली पहिली तार ०.०१० इंच जाडीची असते. चाचांनी नव्या तारा चढवल्या, हाताने हलक्या ओढून त्यांची ढिलाई काढली आणि स्वरात लावल्या.

पुढे दांडी. पहिला आणि चौदावा पडदा दाबून धरला, की तार स्वतःच सरळ मापपट्टीचं काम करते. सातव्या पडद्याजवळ तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. इथे तशी दोन कार्डं आरामात सरकत होती. तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकली होती. चाचांनी गिटारीच्या तोंडातून ॲलन की आत घातली. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती कमीजास्त ताणून दांडी सरळ करता येते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांच्या या युक्तीला १९२३ साली अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि आज साध्यातल्या साध्या गिटारीतही ती सापडते. चाचांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा दिला आणि थांबले.

“अजून फिरवा की,” अण्णा म्हणाले.

“नाही. लाकडाला वेळ लागतो. एका वेळी पाव फेराच. घाई केली तर सळई तुटते, आणि मग गिटार गेली.” सगळ्यांचा चहा झाला. पुन्हा मोजलं, पुन्हा पाव फेरा. बाराव्या पडद्यावरची फट साडेतीनच्या आसपास आली.

मग दांडीच्या वरच्या टोकाची पट्टी, नट. चाचांनी प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मधे दाबली आणि पहिल्या पडद्यावर किती जागा उरते ते पाहिलं. तिथे कागदाएवढी फट पुरते. इथे तारा खूपच वर होत्या. सी कॉर्ड अडली होती ती इथे. तारेच्या जाडीची कानस घेऊन त्यांनी एकेक खाच अगदी थोडी खोल केली. “इथे हात सांभाळून चालवायचा. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पडद्यावर खडखडते. काढलेलं परत लावता येत नाही. घरी युट्यूब बघून हे करू नका.”

शेवटी घोडीवरची पांढरी पट्टी, सॅडल. “सॅडल जेवढी घासाल, त्याच्या निम्मीच तार बाराव्या पडद्यावर खाली येते. मला इथे एक मिलिमीटर कमी करायचाय. किती घासू?”

“दोन,” तन्वी म्हणाली.

“शाब्बास.” त्यांनी सॅडल काढली आणि तळाकडे पेन्सिलीने दोन मिलिमीटरवर रेघ मारली. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून सॅडलचा तळ घासला. माथ्याला हात लावला नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार चाटून जावी लागते, गिटारीच्या सॅडलवरून मात्र ती एका धारेवरून स्वच्छ सुटली पाहिजे, म्हणून माथ्याचा आकार जसाच्या तसा ठेवायचा असतो. शेवटी पडद्यांची टोचणारी टोकं त्यांनी बारीक कानसेने गोल केली.

पट्टी पुन्हा बाराव्या पडद्यावर उभी राहिली. अडीच.

तन्वीने सी कॉर्ड धरली. एक तार अजून दबली होती, पण बाकीच्या वाजल्या, आणि ज्या वाजल्या त्या सुरात होत्या. तिने पुन्हा धरली, पुन्हा वाजवली. चाचांनी तिला सांगून ठेवलं, “बोटांच्या टोकांची आग थोडे दिवस होणारच. कातडी घट्ट झाली की ती जाते. मनगट दुखलं तर मात्र थांबायचं. दुखणं दाबून वाजवायचं नाही. आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा वर येतात, तेव्हा एकदा माप घे. उन्हात, गाडीत ठेवू नको. डिंक सुटतो.”

अण्णांनी पैसे दिले. तारा धरून सगळं काम गिटारीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी पैशात झालं होतं. दुकानाच्या पायरीवर ते थबकले आणि तन्वीकडे वळून म्हणाले, “आमच्याकडे पोतं कमी भरलं, तर मी पहिल्यांदा काटा तपासतो. प्रमाणित वजन ठेवून बघतो. काटा बरोबर निघाला तरच शेतकऱ्याला विचारतो. काटा न बघता त्याला खोटं पाडलं, तर ते पाप आहे. तुझ्या बाबतीत मी काटा बघितलाच नाही.”

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. सी वरून जी वर जाताना तन्वीची बोटं अडखळतच होती. एफ कॉर्डने तिला कित्येक महिने रडवलं. पण आता चुकलं की काय चुकलं ते कळत होतं, आणि कळलं की सुधारता येत होतं. ती पुन्हा क्लासला जाऊ लागली. पुढच्या वर्षी भजनी मंडळात आजीच्या शेजारी बसून तिने कॉर्डची साथ केली. गाणाऱ्यांनी तिला पुढच्या एकादशीलाही बोलावलं.

यार्डातल्या एका हमालाने हे ऐकलं. त्याचा मुलगा सातवीत होता आणि त्यालाही गिटार हवी होती. “अण्णा, मला यातलं काय कळतं? तुम्ही चला,” तो म्हणाला. अण्णा, तन्वी, हमाल आणि त्याचा मुलगा असे चौघे दुकानात गेले. तन्वीच्या खिशात स्टीलची पट्टी होती.

दुकानदाराने आधी सर्किट बसवलेली काळी गिटार काढली. वर बॅग आणि बेल्ट फुकट. तन्वीने ती दांडीवरून पाहिली. दांडीला पीळ होता. “ही नको, काका. पीळ सळईने जात नाही,” ती म्हणाली. दुसऱ्या गिटारीच्या घोडीखाली कागदाचा कोपरा सरकला, म्हणजे घोडी उचलू लागली होती. तीही मागे गेली. मग दुकानदाराने नायलॉनच्या तारांची गिटार दाखवली. तिच्या तारा बोटांना मऊ लागत होत्या, पण दांडी रुंद होती आणि मुलाची बोटं पलीकडच्या तारेपर्यंत नीट पोचेनात. “हिलाच स्टीलच्या तारा लावून देऊ का?” हमालाने विचारलं. “नको, मामा. ही एवढी ओढ सोसायला बांधलेली नसते. घोडी उखडेल,” तन्वी म्हणाली.

शेवटी कोपऱ्यातली एक साधी, लाकडी रंगाची गिटार निघाली. सर्किट नाही, चमक नाही. वरची फळी प्लायची होती. एकसंध लाकडाची फळी जास्त खुलून वाजते, पण तिची किंमत चढते आणि हवेतला ओलावा तिला लवकर बाधतो, तेव्हा पहिल्या गिटारीला प्लाय चालते. दांडी सरळ होती, सळई होती, पडद्यांची टोकं गुळगुळीत होती, कळा सहज फिरत होत्या. मुलाच्या कवेत ती नीट बसत होती, त्याचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. तन्वीने सहाही तारांवर एकेक पडदा दाबत बाराव्यापर्यंत वाजवून पाहिलं. कुठे खडखड नाही, कुठे मुका स्वर नाही. बाराव्या पडद्यावर फट सव्वातीन निघाली, पण सॅडल घासायला जागा भरपूर होती.

हमाल घासाघीस करणार तेवढ्यात अण्णा दुकानदाराला म्हणाले, “भाव तुमचा राहू द्या. बेल्ट-बॅगही नकोत. फक्त दहाचा सेट चढवून तारा अडीचवर आणून द्या.” दुकानदाराने अण्णांकडे पाहिलं, कारागिराला हाक मारली आणि गिटार आत पाठवली.

पावसाळ्यात तो मुलगा तोंड पाडून यार्डात आला. “अण्णा, मला जमत नाही. बोटं दुखतात.” हमाल रागावणार होता. अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि मुलाला गिटार आणायला सांगितलं. संध्याकाळी तन्वीने पट्टी लावली. तारा थोड्या वर आल्या होत्या. तिने मुलाला आणि हमालाला मिरजेला नेलं, चाचांनी पाव फेरा दिला आणि माप पुन्हा अडीचवर आलं.

आठवड्याने मुलगा परत आला. “अजून जमत नाही.”

अण्णांनी पुन्हा मोजायला लावलं. अडीचच होतं. बाराव्या पडद्यावरचे दोन्ही स्वर सारखे निघाले. तेव्हा त्यांनी मुलाला जवळ बसवलं. “बाळा, काटा बरोबर आहे. आता वजन तुला भरायचंय. रोज अर्धा तास, एकच कॉर्ड, सावकाश. तन्वीताई तुझ्यासोबत बसेल.” मुलगा बसला. पहिल्या दिवशी कंटाळला, दुसऱ्या दिवशीही बसला.

तात्पर्य : शिकणारा अडला, तर त्याला नालायक ठरवण्याआधी त्याच्या हातातलं साधन तपासा. साधन वाकडं असेल, तर तो जितके प्रामाणिक कष्ट करील तितका जास्त चुकेल, आणि दोष स्वतःचाच मानून कायमचा मागे फिरेल. साधन न तपासता निकाल देण्याचा हक्क आई-बापाला नाही, गुरूलाही नाही. पण साधन सरळ केल्यावर उरतो तो सराव, आणि तो ज्याचा त्यानेच करायचा असतो.